शाळा सोडून जाणारे मूल आणि स्थानिक संस्थेची जबाबदारी

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. वर्षाच्या अखेरीस शिक्षक त्यात 'उत्तीर्ण', 'स्थलांतर' अथवा 'पालकांच्या विनंतीवरून' असे एकदोन शब्द लिहितात, दाखल्यावर सही-शिक्का होतो, आणि त्या मुलाचा शाळेशी असलेला कागदोपत्री संबंध तेथे संपतो. ते मूल पुढल्या शाळेत खरोखर दाखल झाले काय, झाले असल्यास टिकले काय, की ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले, हॉटेलात कपबशा धुऊ लागले, अथवा मुलगी असल्यास धाकटी भावंडे सांभाळीत घरी बसली, हे लिहिण्याची सोय त्या रकान्यात नाही. ते लिहून ठेवण्याचे आणि त्यावर काही करण्याचे काम कोणाचे, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंगाने सर्वांत दीर्घ अनुभव इंग्लंडास आहे. तो देश श्रीमंत, येथील खेडे गरीब, तेव्हा तेथील उदाहरणाचा येथे काय उपयोग, असे काही शिक्षकांस वाटेल. परंतु त्या देशात या कामी जे अपयश आले ते केवळ पैशाच्या अभावी आले नाही. जबाबदारी कोणाची हे नीट न ठरविल्यामुळे व ठरविलेली वारंवार बदलल्यामुळे अधिक आले. म्हणून तो इतिहास येथील शिक्षकांनीही वाचण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा बारा वर्षांची होती. ती १८९९ साली ठरली होती. त्या वयाच्या सुमारास शाळा सोडलेल्या मुलास काम मिळत नसे असे नव्हे. उलट फार सहज मिळे. निरोप पोचविणे, मालाच्या गाडीवर बसून पुडकी उतरविणे, कारखान्यात यंत्रापुढे माल सरकविणे अशी कामे शहरांत भरपूर होती आणि त्यांचा पगार शिकाऊ उमेदवारास मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त असे. सुताराकडे अथवा लोहाराकडे चारपाच वर्षे कमी पैशावर राहून हुन्नर शिकण्यापेक्षा गरीब आईबापांस हा रोख पैसा बरा वाटे. परंतु मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होऊन मोठ्या माणसाची मजुरी मागू लागला की मालक त्यास काढून टाकी व त्याच्या जागी दुसरा लहान मुलगा ठेवी. हातात कसब नाही, शाळा तर कधीच सुटलेली, अशा स्थितीत तो तरुण बेकारांच्या रांगेत जाऊन उभा राही. गरिबांच्या साहाय्याविषयी नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांच्या बेकारीचे एक मूळ मुलांच्या या पोरवयीन कामांत आहे, ही गोष्ट पुढे आली.

यावर उपाय सुचविणाऱ्यांत मारिया ऑगिल्व्ही गॉर्डन या स्कॉटिश बाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्या मूळच्या भूगर्भशास्त्रज्ञ. शाळा सोडणाऱ्या मुलांना धंद्याची माहिती व सल्ला देणारी कचेरी शाळामंडळांनीच चालवावी, अशी सूचना त्यांनी १९०४ साली मांडली. १९०८ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील शाळामंडळांस तसा अधिकार मिळाला व एडिंबरा शहराने त्याचा लगेच उपयोग केला. इंग्लंडात १९१० साली कायदा होऊन सतरा वर्षांखालील मुलामुलींना नोकरीधंदा निवडण्याच्या कामी माहिती व सल्ला देण्याची मुभा स्थानिक शिक्षणसंस्थांस, म्हणजे कौंटी व शहरांच्या कौन्सिलांस, देण्यात आली.

येथे 'मुभा' हा शब्द शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. कायद्याची भाषा 'करता येईल' अशी होती, 'केले पाहिजे' अशी नव्हती. परिणामी ज्या कौन्सिलांत तळमळीची माणसे होती तेथे काम झाले, इतरत्र कायदा कपाटात राहिला. त्यात आणखी एक अडचण अशी की, १९०९ च्या कायद्यान्वये व्यापार खात्याने १९१० साली मजुरांसाठी सेवायोजन कार्यालये उघडली होती व मुलांसाठीही त्यांची स्वतंत्र समिती असावी असे त्या खात्याचे म्हणणे होते. शिक्षणखाते म्हणे, मूल आमचे आहे. व्यापारखाते म्हणे, नोकऱ्या आमच्याकडे आहेत. १९११ साली दोन्ही खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढले, तरी पुढे कित्येक वर्षे कोठे शिक्षणसंस्थेची कचेरी तर कोठे सेवायोजन कार्यालयाची समिती असा दुहेरी कारभार चालू राहिला. दोन खात्यांच्या मध्ये सापडलेल्या कामाचे काय होते हे येथील शिक्षकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

या काळातील बर्मिंगहॅम शहराची पद्धत मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या शहरात शाळाशाळांना जोडून लहान समित्या नेमलेल्या होत्या व शाळा सोडणाऱ्या मुलामागे एक स्वयंसेवक मदतनीस देण्याचा प्रयत्न होता. मूल शाळा सोडण्यापूर्वी मुख्याध्यापक त्याची प्रकृती, अभ्यास व कल यांची माहिती कळवीत. मदतनीस त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोले. मूल कामास लागल्यावरही तो अधूनमधून चौकशी करी, आणि काम बरे नसल्यास कचेरीकडे कळवी. यातील कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. सल्ला देऊन मोकळे न होता मुलाच्या मागे काही काळ राहणे, हा त्या पद्धतीचा गाभा होता. अर्थात केवळ स्वयंसेवकांवर विसंबून राहण्याचे दोषही होतेच. चांगल्या घरची मंडळी गरिबाच्या घरी जाऊन उपदेश करू लागली की त्या उपदेशाचे काय होते, हे कोणत्याही देशात सारखेच असावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली नवा कायदा होऊन 'युवक सेवायोजन सेवा' नावाची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. स्थानिक संस्थांनी योजना सादर करून ती आपल्याकडे घ्यावी, न घेतल्यास मजूर खात्याने चालवावी, अशी तडजोड झाली. पुष्कळ संस्थांनी ती घेतली. या सेवेतील अधिकारी शेवटच्या वर्षाच्या वर्गात येऊन निरनिराळ्या कामधंद्यांविषयी बोले, नंतर एकेका मुलाची, शक्यतो पालकांच्या देखत, मुलाखत घेई, त्यास जागा मिळवून देण्याचा प्रयत्न करी, आणि जागा मिळाल्यावर काही महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी त्यास पुन्हा कचेरीत बोलावून 'कसे चालले आहे' ही विचारपूस करी. या शेवटच्या विचारपुशीस पुष्कळ मुले येत नसत, ही गोष्ट खरी; ज्यांना सर्वांत अधिक गरज ती मुले तर नसतच येत.

१९७३ च्या कायद्याने मुभेचे रूपांतर कर्तव्यात झाले. १९७४ पासून प्रत्येक स्थानिक शिक्षणसंस्थेस व्यवसाय मार्गदर्शनाची सेवा चालविणे भागच पडले. १९१० मधील 'करता येईल' पासून 'केलेच पाहिजे' येथपर्यंत येण्यास त्या देशास त्रेसष्ट वर्षे लागली. १९७५ च्या स्त्रीपुरुष भेदभावविरोधी कायद्याने ही सेवाही बांधली गेली. मुलींना सरसकट टंकलेखनाकडे व मुलांना यंत्रशाळेकडे वळविणे हे तेथवर अगदी स्वाभाविक मानले जात होते.

यापुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो बहुधा पाट्या बदलण्याचा आहे. १९९३ च्या कायद्याने हे काम स्थानिक संस्थांकडून काढून घेतले गेले व १९९४ ते १९९६ या काळात कंत्राटाने कंपन्यांकडे सोपविले गेले. १९९९ साली सरकारच्याच एका विभागाच्या अहवालाने दाखवून दिले की, सोळा ते अठरा वयाची सुमारे १,६१,०००, म्हणजे त्या वयोगटातील नऊ टक्के मुले ना शिक्षणात, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात होती. त्यावर २००१ पासून 'कनेक्शन्स' नावाची नवी सेवा तेरा ते एकोणीस वयाच्या सर्व मुलांसाठी निघाली. धंद्याचा सल्ला, घरचा त्रास, व्यसन, राहण्याची अडचण या सर्वांसाठी एकच सल्लागार, अशी तिची कल्पना. कल्पना उदार होती. परंतु सल्लागारांचा वेळ अधिक अडचणीतील मुलांकडे गेला, व जे मूल गुपचूप वर्गात बसते आणि पुढे काय करावे हे ज्यास ठाऊक नाही त्याच्याकडे लक्ष देण्यास कोणी उरले नाही, अशी तक्रार होऊ लागली. २००८ च्या कायद्याने ही सेवा पुन्हा स्थानिक संस्थांकडे आली.

ती तेथे स्थिरावण्यापूर्वीच २०१० नंतरची काटकसर सुरू झाली. २०११ च्या शिक्षण कायद्यान्वये सप्टेंबर २०१२ पासून विद्यार्थ्यांस स्वतंत्र व निःपक्षपाती मार्गदर्शन मिळवून देण्याचे कर्तव्य शाळांवर टाकण्यात आले. कर्तव्य शाळेकडे आले. त्यासाठी वेगळा पैसा मात्र आला नाही. येथील शिक्षकांस हा प्रकार परका वाटणार नाही. एक वर्षानंतर, सप्टेंबर २०१३ मध्ये, तेथील शाळातपासणी खात्याने आपला अहवाल दिला. त्यांनी पाहिलेल्या साठ शाळांपैकी केवळ बारा शाळांनी सर्व विद्यार्थ्यांस निरनिराळ्या व्यवसायांचा विचार करता येईल इतकी पुरेशी माहिती मिळेल अशी व्यवस्था केली होती. त्यापूर्वी जानेवारी २०१३ मध्ये पार्लमेंटच्या शिक्षण समितीनेही ही जबाबदारी शाळांकडे सोपविण्याच्या निर्णयाबद्दल स्पष्ट शब्दांत खेद व्यक्त केला होता.

शिक्षक आळशी होते म्हणून असे झाले, असे समजणे अन्यायाचे होईल. शिकविण्याचे पूर्ण तास सांभाळून शिक्षकाने गावातील प्रत्येक धंद्याची, प्रत्येक प्रशिक्षणसंस्थेची ताजी माहिती ठेवावी हे एकट्यास होणारे नाही. शिवाय दुसरी एक नाजूक गोष्ट होती. तेथील शाळांना विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पैसा मिळतो. ज्या शाळेला सोळा वर्षांपुढील वर्ग आहेत तिला आपला विद्यार्थी तंत्रविद्यालयात जाणे परवडत नाही. मग त्या विद्यालयाचे माहितीपत्रक मुलांपर्यंत पोचतच नाही. ही गोष्ट इतकी सर्रास घडली की, जानेवारी २०१८ पासून कायद्यानेच शाळांना तंत्रशिक्षणसंस्थांस आपल्या विद्यार्थ्यांशी बोलू देणे भाग पाडावे लागले. माजी शिक्षणमंत्री लॉर्ड बेकर यांनी हे कलम घालविले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. तुकडी टिकावी म्हणून मुलाची दिशा ठरविली जाऊ नये, यासाठी कलम घालावे लागते हे दुःखद असले तरी खरे आहे.

मार्गदर्शन म्हणजे नेमके काय, हे मधल्या काळात बरेच स्पष्ट झाले. सर जॉन होल्मन यांनी गॅट्सबी प्रतिष्ठानासाठी सहा देश-प्रदेशांतील शाळा पाहून २०१४ साली आठ कसोट्या सांगितल्या. त्यांत धंद्यांविषयीची विश्वसनीय माहिती, प्रत्येक मुलाच्या गरजेचा विचार, नेहमीच्या विषयांतूनच व्यवसायांची ओळख, काम करणाऱ्या माणसांची प्रत्यक्ष भेट, कामाची जागा पाहणे आणि एकट्याने बसून केलेली बातचीत यांचा समावेश आहे. वर्षातून एखादे भाषण ठेवणे म्हणजे मार्गदर्शन, हा समज त्याने खोटा ठरतो.

मार्गदर्शनाची जोडीदार जी युवक सेवा, म्हणजे संध्याकाळचे मंडळ, खेळ, तरुणांशी बोलणारा कार्यकर्ता, तिची कथा याहून वाईट आहे. १९६० च्या अल्बेमार्ल समितीच्या अहवालानंतर तिला मोठी चालना मिळाली होती. पुढे कायद्यात स्थानिक संस्थांवर तिचे कर्तव्यही आले, पण 'व्यवहार्य असेल तितके' या शब्दांसह. काटकसरीच्या वर्षांत कात्री प्रथम कोठे चालली हे या शब्दांवरूनच समजावे. ठिकठिकाणची युवक मंडळे बंद झाली.

इतके सर्व होऊनही एक काम स्थानिक संस्थांकडून कोणी काढून घेतले नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजे. शिक्षण अथवा प्रशिक्षणात राहण्याचे वय २०१३ साली सतरा व २०१५ साली अठरा झाल्यावर, त्या वयापर्यंतचे प्रत्येक मूल कोठे आहे याची नोंद ठेवणे व जे कोठेच नाही त्यास हुडकून काढणे हे काम स्थानिक संस्थेकडेच राहिले. सोळा व सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलास सप्टेंबरअखेर पुढील शिक्षणाची योग्य जागा देऊ केली गेली आहे की नाही, हेही तीच पाहते. ज्यांना आईबापांचा आधार नाही व जी मुले संस्थेच्या देखभालीत वाढली त्यांच्यासाठी २०१७ च्या कायद्याने पंचवीस वर्षांपर्यंत सल्लागाराची सोय केली. या नोंदीत दोन रकाने आहेत : 'कोठेच नाही' आणि 'ठाऊक नाही'. यांतील दुसरा रकाना फसवा आहे. मुलाचा शोधच न घेतल्यास ते 'कोठेच नाही' या रकान्यात येत नाही, 'ठाऊक नाही' मध्ये जाते, आणि पहिला आकडा लहान व छान दिसतो. म्हणून तेथील शिक्षणखाते आता दोन्ही आकडे एकत्र करून पाहते.

आपल्याकडे महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आले. धंद्याचे मार्गदर्शन हा मात्र माध्यमिक शाळेचा विषय, असे येथे दीर्घकाळ समजले गेले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाचा विषयच माध्यमिक शिक्षण होता. त्यानंतरच्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) मात्र मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून व्हावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम पाहावे, अशी सूचना आहे. सुताराचा कारखाना, दूधसंकलन केंद्र, पंपदुरुस्तीचे दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र हे सर्व खेड्यात अथवा बाजाराच्या गावी असतेच. त्याला सहलीचा खर्च लागत नाही.

नोंदीचे काय? २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमान्वये आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये जे अठरापर्यंत, ते येथे चौदापर्यंत. दुर्दैव असे की, खेड्यातील मूल हातातून निसटते ते नेमके याच उंबरठ्यावर. सातवी-आठवीनंतर शाळा बदलते, गाव बदलते, व्यवस्थापन बदलते. जिल्हा परिषदेचा दाखला गेला आणि पलीकडच्या शाळेचे नाव अजून पटावर आले नाही, अशा मधल्या दिवसांत ते मूल कोणाचेच नसते. आता संगणकावरील नोंदीत असे मूल 'ड्रॉप बॉक्स' मध्ये पडते. तो इंग्लंडच्या 'ठाऊक नाही' या रकान्याचाच भाऊ समजावा. त्यातील नाव दिसेनासे करणे म्हणजे मूल सापडणे नव्हे.

कायदा बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. परंतु शेवटच्या वर्गातील वीस-पंचवीस मुलांसाठी एक साधी दोनशे पानी वही घालणे हाती आहे. प्रत्येक मुलास एक पान द्यावे. आठवीच्या दुसऱ्या सत्रात त्यावर मुलाची आवड, हातचे कसब, घरची स्थिती आणि पालकांचा विचार लिहावा. पालकांशी बोलणे शक्यतो त्यांच्या घरी व्हावे. शाळेत बोलाविलेला बाप बहुधा 'गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं' एवढेच म्हणून जातो, आणि आई तर येतच नाही. मुलगी असल्यास आईशी बोलल्यावाचून पान पुरे झाले असे समजू नये. पुढली शाळा लांब आहे ही अडचण पुष्कळदा एस.टी.च्या मुलींसाठीच्या मोफत पासाची माहिती नसल्यामुळे मोठी वाटते. मुलगी अठरा वर्षांची होण्यापूर्वी तिचा विवाह करणे कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्टही त्याच बैठकीत शांतपणे सांगून ठेवावी. नंतर सांगण्यात धमकीचा वास येतो.

माहिती थोडी असावी पण बिनचूक असावी. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षास १२,००० रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळू शकतो आणि तेथील काही व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असण्याची अट नाही. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी आहे व चौदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. नियम बदलत असतात, यास्तव दरवर्षी जूनमध्ये जवळच्या संस्थेतून व पंचायत समितीतून त्यांची खात्री करून घ्यावी. चुकीच्या माहितीवर खर्च झालेले बसभाडे गरीब पालक विसरत नाही.

वहीच्या प्रत्येक पानावर तळाशी तीन जागा मोकळ्या सोडाव्यात. पहिली शाळा उघडल्यावर महिन्याने भरावी : मूल पुढल्या शाळेच्या पटावर आहे काय, हे त्या शाळेतून विचारून घ्यावे, भावंडांच्या सांगण्यावर विसंबू नये. दुसरी दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्यावर. तिसरी पुढील जूनमध्ये. ज्या पानावर 'ठाऊक नाही' असे लिहावे लागेल त्या पानाची नक्कल करून ती केंद्रप्रमुखांकडे त्याच आठवड्यात द्यावी व दिल्याची तारीख वहीत टिपून ठेवावी.